संगणक सांभाळायला माणसे किती? प्रभादेवीचा हिशेब आणि आपला काटा



वार्षिक सभेत एक प्रश्न अलीकडे हटकून येतो. "संगणक आणले तेव्हा सांगितलं, माणसं कमी लागतील. आता संगणक सांभाळायलाच माणसं मागताय. हे कसं काय साहेब?" प्रश्न रास्त आहे. पगार शेवटी सभासदांच्या उसातूनच निघतो, तेव्हा विचारण्याचा हक्क सभासदांचा आहे आणि उत्तर देणे हे आमचे काम आहे.

आता कोणी म्हणेल, हे उत्तर ऊस विकास अधिकाऱ्याने का द्यावे? आमची पदविका शेतीची. आम्हांला बेणे, लागण, खोडवा यांतले कळते; संगणकाच्या पोटात काय असते ते संगणकवाल्यांनी सांगावे. परंतु उसाची नोंद, तोडणीचा कार्यक्रम, टोळ्यांचे वाटप, काट्यावरचे वजन आणि शेवटी बिल, ही सगळी साखळी आज संगणकांना जोडणाऱ्या जाळ्यावर म्हणजे नेटवर्कवर चालते. ते जाळे तुटले की सभासदाचा पहिला फोन संगणक विभागाला जात नाही, तो शेतकी विभागालाच येतो. म्हणून हा हिशेब आम्ही मुद्दाम शिकून घेतला. तो अवघड नाही. पाळ्या आणि बदली ज्याला ठाऊक आहे, त्याला निम्मा हिशेब आधीच येतो.

प्रभादेवीला काय दिसते

सिद्धिविनायकाच्या दर्शनाला आपले पुष्कळ सभासद प्रभादेवीला जातात. देवळापासून दादरच्या अंगाला गेले की काशिनाथ धुरू मार्ग लागतो. तेथे विदेश संचार निगमाचे लोकमान्य विदेश संचार भवन उभे राहिले. परदेशी फोन, तारा आणि पुढे इंटरनेट यांची वाहतूक पाहणारी ही सरकारी कंपनी १९८६ साली स्थापन झाली, २००२ साली टाटा समूहाकडे गेली आणि २००८ पासून तिचे नाव टाटा कम्युनिकेशन्स झाले. समुद्राच्या तळावरून आलेली केबल जमिनीवर घेण्याचे स्थानक या कंपनीने प्रभादेवीला केले. ब्रिटनपासून जपानपर्यंत सुमारे २८,००० किलोमीटर लांब असलेली फ्लॅग नावाची केबल १९९७ साली सुरू झाली, तिला मुंबईत जमिनीवर घेण्याचे काम याच कंपनीकडे होते.

अशा स्थानकाला रात्र नसते. आपल्याकडे मध्यरात्र असते तेव्हा अमेरिकेत कचेऱ्या चालू असतात. रविवार नाही, दिवाळी नाही. वर्षाचे ३६५ दिवस कोणीतरी जागे राहून दिवे आणि आकडे पाहत बसलेच पाहिजे. आपला कारखाना गळीत हंगामात असाच चालतो, पण आपला हंगाम संपतो. त्यांचा संपत नाही.

याच प्रभादेवीत दुसरीही गोष्ट आहे. आज ज्याला प्रभादेवी स्टेशन म्हणतात, त्याचे नाव २०१८ च्या जुलैपर्यंत एल्फिन्स्टन रोड होते. त्याच्या आजूबाजूला गिरण्या होत्या. घाटावरची आणि कोकणातली किती घरे त्या गिरण्यांवर जगली! राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडच्या ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन या दोन गिरण्यांच्या जागा २००५ साली विकल्या गेल्या आणि तेथे काचेच्या उंच कचेऱ्या झाल्या. आजोबा जेथे साच्यावर उभे राहत, तेथे आता नातू संगणकापुढे बसतो आणि त्याच्याही पाळ्या असतात.

गिरणीत माणसे मोजण्याची जी पद्धत होती, ती आमच्या विषयाला अगदी जवळची आहे. साचे इतके, एका साच्यामागे माणसे इतकी, पाळ्या तीन, एवढा गुणाकार करून गिरणी चालत नसे. रोज काही माणसे गैरहजर राहणारच. कोणी आजारी पडे, कोणी गावी जाई. आपल्याकडे पेरणी आणि सुगी आली की गिरणीत हजेरी घसरे, हे तर जुने लोक हसत सांगतात. म्हणून कायम कामगारांच्या जोडीला बदली कामगार असत. पाळी सुरू होताना ते फाटकावर उभे राहत आणि ज्याचा कायमवाला आला नाही त्याच्या साच्यावर जात. त्यात मुकादम आणि जॉबर मर्जीने माणसे घेत, म्हणून १९३५ च्या सुमारास मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने बदलीवाल्यांना कार्डे देऊन नियंत्रण आणले. बदलीवाल्याच्या वाट्याला अन्याय पुष्कळ आला. १९८२ च्या १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपात जी खदखद बाहेर पडली, तीत बदलीवाल्यांचे दुखणेही होते. तो विषय वेगळा आहे. आपल्या कामाचा मुद्दा इतकाच की, खुर्च्या किती आहेत आणि माणसे किती लागतात हे दोन वेगळे आकडे आहेत.

एका खुर्चीला किती माणसे

समजा, एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायची आहे. वर्षाचे तास होतात ८,७६०. बहुतेक जण पटकन म्हणतात, पाळ्या तीन, माणसे तीन. आता तीन माणसांना खरोखर बसवून पाहू.

आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४८ च्या कारखाने कायद्याने घालून दिली, तीच हिशेबाला धरू. म्हणजे आठ तासांचे सहा दिवस आणि एक सुट्टी. वर्षातून ५२ सुट्ट्या गेल्या, राहिले ३१३ दिवस. त्यातून हक्काची रजा, किरकोळ रजा, आजारपण, सणाच्या सुट्ट्या आणि चार-पाच दिवसांचे प्रशिक्षण मिळून ४८ दिवस धरा. राहिले २६५ दिवस, म्हणजे २,१२० तास. ८,७६० ला २,१२० ने भागले की उत्तर येते ४.१३.

तीन माणसांत ही खुर्ची चालत नाही. चालवली तर ती जादा कामावर आणि रजा नाकारून चालते आणि माणूस दीड वर्षात नोकरी सोडतो. चार माणसांत जवळजवळ भागते, पण एक जण आजारी पडला की उरलेले तिघे दोन-दोन पाळ्या मारू लागतात. पाच असतील तर नीट. प्रभादेवीसारख्या ठिकाणी, जेथे काम बारमाही आहे, तेथे एका खुर्चीला पाच हा आकडा धरावा लागतो.

येथे मोठ्या संस्थेचा एक फायदा दिसतो. दोन खुर्च्या असतील तर ४.१३ ची दुप्पट ८.२६, म्हणजे ९ माणसे, १० नव्हेत. तीन खुर्च्यांना १२.३९, म्हणजे १३, १५ नव्हेत. अपूर्णांकाचा भुर्दंड मोठ्याला कमी पडतो आणि छोट्याला जास्त. दोन एकराच्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर परवडत नाही, तसेच हे.

आता आपला कारखाना घ्या. गाळप १६० दिवस चालले असे धरू. खुर्चीचे तास ३,८४०. एका माणसाच्या आठवड्याच्या सुट्ट्या २३, शिवाय हंगामात अगदी नड म्हणून १० दिवस रजा. राहिले १२७ दिवस, म्हणजे १,०१६ तास. भागाकार येतो ३.७८. म्हणजे चार माणसांत हंगामी खुर्ची निभते. उरलेली रजा त्यांनी पावसाळ्यात घ्यावी, कारण बिगरहंगामात रात्रपाळी लागत नाही. बारमाही संस्थेला जेथे पाच लागतात, तेथे आपल्याला चार पुरतात, ही हंगामी धंद्याची कृपा. पण तीन पुरत नाहीत, हेही तितकेच खरे.

"मग हंगामापुरती चौघं घ्या आणि एप्रिलात सोडा," असे एका सभासद तात्यांनी सुचवले. तात्यांचा हिशेब पैशाचा आहे, पण आम्ही त्याला राजी नाही. गाळप बंद झाले की मिल उघडून आपण रोलरला नवे कवच चढवतो, बेअरिंगे पाहतो. नेटवर्कचेही तसेच आहे. बगॅसचा भुसा पंख्यात बसतो, उंदीर केबल कुरतडतात, बॅटऱ्यांचा जीव जातो, वळवाच्या पावसात वीज पडून काट्याजवळची उपकरणे जळतात. हे सगळे दुरुस्त करण्याचे दिवस पावसाळ्याचे. शिवाय कोणती तार कोठून कोठे गेली आहे हे ज्याला पाठ आहे, तो माणूस एप्रिलात सोडला तर ऑक्टोबरात परत येईलच असे नाही. त्याच्याबरोबर नकाशाही जातो, कारण आपल्याकडे नकाशा बहुधा त्याच्या डोक्यातच असतो.

गाड्यांची रांग आणि फोनची रांग

एवढा झाला तासांचा हिशेब. दुसरा हिशेब कामाच्या रांगेचा. तो आपल्या सभासदाला शिकवण्याची गरज नाही, जानेवारीत ऊस यार्डात रात्र काढलेल्या माणसाला रांग ठाऊकच असते. पण रांगेचा एक स्वभाव असा आहे की तो अनुभवूनही लक्षात येत नाही.

समजा काट्यावर एक गाडी चढणे, नंबर घालणे, वजन, पावती याला सरासरी ४ मिनिटे लागतात. तासाला १५ गाड्या होऊ शकतात. गाड्या आपल्या मर्जीने, मागेपुढे येतात; कोणाला ४ मिनिटांपेक्षा कमी लागतात, कोणाला जास्त. तासाला १२ गाड्या येऊ लागल्या तर एका गाडीला रांगेत सरासरी १६ मिनिटे थांबावे लागते. आता तासाला फक्त दोन गाड्या वाढल्या, १४ झाल्या. थांबणे किती वाढेल? वीस मिनिटे? नाही. ते ५६ मिनिटे होते. काट्याची ताकद अजून १५ गाड्यांची आहे, म्हणजे कागदावर जागा शिल्लक आहे, आणि तरी रांग साडेतीन पट. काम ताकदीच्या जितके जवळ जाते, तितकी रांग बेताल होते.

हे गणित डेन्मार्कच्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने बसवले. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत तो १९०८ साली लागला आणि १९०९ साली त्याचा पहिला लेख आला. किती फोन येतात, एक फोन किती वेळ चालतो, त्यावरून किती लाइनी आणि किती ऑपरेटर ठेवावेत हा त्याचा प्रश्न. आज जगभर मदत-केंद्रांवर माणसे नेमताना त्याचीच सूत्रे वापरतात आणि फोनच्या वाहतुकीच्या मापाला त्याचेच नाव आहे.

आपल्या कारखान्याला ते लावून पाहू. बिल जमा होण्याच्या दिवशी सकाळी गट कार्यालये, काटा, हिशेब विभाग आणि बँकेची शाखा मिळून संगणक विभागाला तासाला १२ फोन येतात असे धरा. एका फोनला सरासरी १० मिनिटे. एकूण काम १२० मिनिटांचे, म्हणजे बरोबर दोन माणसांचे. दोन माणसे बसवली तर? रांग वाढतच जाते, दुपारपर्यंत संपत नाही. तीन बसवली तर थांबणे सरासरी साडेचार मिनिटांवर येते. चार बसवली तर एका मिनिटाच्या आत. पाचवा बसवला तर ते १२ सेकंद होते. म्हणजे पाचव्याचा पगार जवळजवळ फुकट. माणसे कमी मागणाऱ्याने हे गणित पाहावे आणि संगणक विभागाच्या प्रमुखानेही पाहावे, कारण "द्या आणखी दोन माणसे" या मागणीलाही ते तसेच उत्तर देते.

पूर्वी रांगेचा अंदाज चुकला की काय होते, हे देशाने १९९५ साली पाहिले आहे. त्या वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने मुंबईसह चार महानगरांत सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केले. मागणी अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त निघाली, लाइनी आणि मोडेम कमी पडले, ग्राहकाला जोडणीच मिळेना. निगमाचे त्या वेळचे प्रमुख बी. के. सिंघल यांनी अंदाज चुकल्याचे जाहीरपणे मान्य केले आणि सुधारणा केल्या. एवढ्या जाणत्या संस्थेचा अंदाज चुकतो, तर आपण फोनची नोंदच न ठेवता माणसे ठरवतो, त्याला काय म्हणावे?

आणखी एक. जो बिघाड आपल्या हातात नाही, त्याचेही काम आपल्यालाच पडते. २००८ च्या जानेवारीच्या शेवटी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबली तुटल्या आणि भारतातले इंटरनेट मोठ्या प्रमाणावर मंदावले. त्या केबली जोडायला जहाज लागते, मुंबईतला कोणी कचेरीतला माणूस ते करू शकत नव्हता. तरी प्रत्येक कचेरीतला फोन त्याच्याच टेबलावर वाजला असणार. "कधी सुरू होणार?" हे विचारणाऱ्याला उत्तर देणे हेही काम आहे आणि ते मोजले पाहिजे.

रात्री दोन वाजता काटा

आता मूळ दुखण्याकडे येतो. बिलाच्या दिवशी फोन उशिरा लागला तर सभासद चिडतो, पण त्याचा ऊस वाळत नाही. काट्यावर बिघाड झाला तर वाळतो.

तासाला १२ गाड्या येत आहेत, काट्याची ताकद १५ ची. रात्री दोनला काट्याचा संगणक जाळ्यापासून तुटला आणि पावती निघेना. माणूस पाळीवर हजर असेल आणि अर्ध्या तासात दुरुस्त झाले, तर ६ गाड्या तुंबतात. काट्याची शिल्लक ताकद तासाला ३ गाड्यांची, म्हणून दोन तासांत तुंबारा निघून जातो. पण माणूस घरी झोपला आहे, त्याला उठवून आणायला आणि दुरुस्तीला मिळून दोन तास गेले, तर २४ गाड्या तुंबतात. त्या निघायला किती वेळ लागेल? आठ तास. बिघाड दोन तासांचा आणि त्रास अख्ख्या पाळीचा. त्यात बैल उभे, टोळीचा खाडा, ट्रॅक्टरवाला चिडलेला, आणि गव्हाणीत ऊस नाही म्हणून मिल थांबलेली. तोडलेला ऊस जितका ताजा गाळावा तितके वजन आणि उतारा हाती राहतो, हे आम्ही याच पानांवर वारंवार लिहिले आहे.

येथे आम्ही एक गोष्ट आग्रहाने सांगतो आणि तीत पगाराचा एक रुपयाही वाढत नाही. काट्याचा स्वतःचा आकडा दाखवणारा दर्शक बहुधा चालूच असतो. बंद पडते ती पावती आणि नोंद. मग हाताने पावती लिहावी. छापील, अनुक्रमांक घातलेली, तीन प्रतींची पावतीपुस्तके काट्यावर कुलपात असावीत. हाताने एका गाडीला ६ मिनिटे लागली तरी तासाला १० गाड्या होतात. दोन तासांत तुंबतात फक्त ४ गाड्या आणि त्या दीड तासाच्या आत निघतात. २४ ऐवजी ४. अट इतकीच की काट्यावरच्या कारकुनाला ते पुस्तक कोठे आहे हे माहीत हवे, कुलपाची किल्ली त्याच पाळीत हवी, वजनाच्या वेळी गाडीवाल्याची सही घ्यायला हवी आणि दुसऱ्या दिवशी त्या पावत्या दोघांनी ताडून संगणकात भरायला हव्यात. हाताच्या पावतीत घोळ होतो अशी सभासदांना शंका येते, ती गैर नाही; म्हणूनच सही आणि अनुक्रमांक.

अंतराचा खर्च

प्रभादेवीच्या काचेच्या इमारतीत बिघाड झाला तर माणूस लिफ्टने सातव्या मजल्यावर जातो. आपल्याकडे गट कार्यालय वीस किलोमीटरवर. मोटारसायकलने जायला अर्धा तास, यायला अर्धा तास आणि काम काय, तर निघालेली पिन परत बसवणे, दहा मिनिटे. म्हणजे एका फोनला ७० मिनिटे. दिवसात असे सहा फोन झाले की एक माणूस पुरा संपला आणि त्यातला एकच तास काम झाले, बाकीचे पेट्रोल.

म्हणून "इतक्या संगणकांमागे एक माणूस" हा जो ठोकताळा सांगतात, तो आमच्या मते कारखान्याला लागू करू नये. कोणी साठ सांगतो, कोणी शंभर. सगळे संगणक एका छपराखाली असतील आणि कचेरीच्या वेळेतच चालत असतील तर अंदाजाला बरा. आपले संगणक दहा गावांत विखुरलेले आणि काटा रात्रभर चालू. १२० संगणक धरले तर साठाच्या ठोकताळ्याने दोन माणसे येतात. वर आपण पाहिले की एका रात्रंदिवस खुर्चीलाच चार लागतात!

अंतराचा खर्च कमी करायचा तर प्रत्येक गट कार्यालयात एक जादा तयार संच ठेवावा आणि तेथील चिटबॉय किंवा कारकुनाला पहिली चार कामे शिकवावीत: वीज आहे का पाहणे, तारा घट्ट आहेत का पाहणे, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे, आणि तेवढ्याने नाही भागले तर जादा संच जोडणे. संगणक विभागाच्या माणसाने मग आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी फेरी मारून बिघडलेला संच गोळा करावा. आजारी जनावराचे पहिले औषध घरीच होते, डॉक्टर नंतर येतो. जगातल्या मोठ्या संस्थाही हेच करतात. फोन घेऊन साधे काम उरकणारा पहिला, न सुटलेले काम घेणारा जाणकार दुसरा, आणि यंत्र बनवणाऱ्या किंवा ठेका घेणाऱ्या कंपनीचा माणूस तिसरा. पहिल्या पायरीवर जितके सुटेल तितके जाणकार कमी लागतात.

वारणेचा धडा

सहकारी साखर कारखान्याने खेडोपाडी संगणक नेण्याचा मोठा प्रयोग वारणानगरला झाला. १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' या नावाने वारणेच्या परिसरातील ७० गावे जोडण्याची योजना केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून हाती घेतली. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने तांत्रिक बाजू पाहिली. गावातल्या केंद्रावर सभासदाला आपल्या उसाची नोंद, वजन, तोडणीची तारीख, बिल हे समजावे, शिवाय शेतीची इतर माहितीही मिळावी, असा विचार होता. त्या काळी हे धाडसच होते आणि त्याचे कौतुक सर्वत्र झाले.

पुढे बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी तेथे अभ्यास केला. त्यांना दिसले की केंद्रांवरचे संगणक प्रत्यक्षात मुख्यतः उसाच्या व्यवहाराच्या मोजक्या नोंदींसाठीच वापरले जातात, आणि तेवढ्यासाठी संगणक व त्याची जोडणी सांभाळण्याचा खर्च मोठा आहे. त्यांनी २००६-०७ च्या सुमारास ७ गावांत प्रयोग करून पाहिला: गावातला संगणक काढून साधा मोबाइल फोन ठेवला आणि नोंदींची देवाणघेवाण संदेशाने केली. तेवढी कामे फोनवर झाली आणि शेतकऱ्यांना ती पद्धत आवडली.

आम्हांला यातून मिळालेली गोष्ट अशी. माणसे किती लागतील हे विचारण्याआधी यंत्रे किती लागतात हे विचारावे. ज्या गावात दिवसाला दहा नोंदी होतात तेथे पूर्ण संगणक, बॅटरी, जोडणी आणि ते सांभाळणारा माणूस कशाला? आज जवळजवळ प्रत्येक घरात मोबाइल आहे. न ठेवलेला संगणक कधी बिघडत नाही. याउलट, काट्यावरचा संगणक एकच आहे म्हणून त्याला एकच समजू नये. त्याच्या मागे हजारो सभासदांचे वजन उभे असते.

आपल्या हंगामासाठी

हे सगळे धरून मध्यम आकाराच्या कारखान्याला काय लागेल, याचा आमचा अंदाज सांगतो. काट्यासह रात्रंदिवस चालणाऱ्या एका खुर्चीला चार. गट कार्यालयांच्या फेरीला आणि दिवसाच्या जादा कामाला दोन. बिलाच्या दिवशी त्यांनी फेरी न करता फोनवर बसावे. दिवसपाळीचा माणूस आणि विभागप्रमुख त्यांना मिळाले की वर सांगितलेली चार माणसे तेथेच जमतात, वेगळी भरती लागत नाही. प्रमुख एक, त्याच्याकडे बिलाची प्रणाली, ठेकेदार कंपन्या आणि माहितीची रोजची दुसरी प्रत. असे सात. ज्या तज्ज्ञाची गरज महिन्यातून दोन-चार दिवसच पडते, तो कायम नेमू नये. शेजारच्या तीन-चार कारखान्यांनी मिळून एक ठेवावा. सहकार आपल्याला नवा नाही, पण कारखाने एकमेकांशी फक्त उसासाठी भांडतात, माणूस वाटून घेत नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

सात हा आकडाही दगडावरची रेघ नव्हे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे लागते, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. वजनाची नोंद एक दिवस अडली की त्या चौदांतला एक दिवस गेला. ते व्याज आणि थांबलेल्या मिलचा तास एका बाजूला मांडा, एका माणसाचा पगार दुसऱ्या बाजूला, आणि मग सात की सहा की आठ ते ठरवा.

त्यासाठी आकडे हवेत आणि ते फोनच्या नोंदीतून मिळतात. येत्या हंगामापासून काट्यावर आणि प्रत्येक गट कार्यालयात एक वही ठेवण्याचे आम्ही सुचवले आहे. रकाने सहा: तारीख आणि वेळ, कोठे बिघडले, काय बिघडले, कोणाला कळवले, माणूस किती वाजता आला, किती वाजता सुरू झाले. सही ज्याचे काम अडले त्याची, दुरुस्त करणाऱ्याची नव्हे. काट्यावर तुमची गाडी अडकली असेल तर ती वही मागा आणि सुरू झाल्याची वेळ तुमच्या घड्याळाने लिहा. हंगाम संपला की त्या वह्यांची बेरीज करून ती याच पत्रिकेत छापण्यासाठी देऊ.